पडद्याच्या आजाराची जीन टेस्ट: लॅबला अडीच स्टार, काउन्सेलर मॅडमना पाच

टेस्ट करावी का, पैसे वाया जातात का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही दादासाठी आनुवंशिक रेटिना आजारांची जीन पॅनेल टेस्ट केली, म्हणजे रक्ताच्या एका नळीवरून डोळ्याच्या पडद्याशी संबंधित पावणेतीनशेच्या आसपास जीन्स एकदम वाचतात ती. खर्च वीस हजाराच्या जरा आत. लॅबचं नाव घेणार नाही, भांडण वाढवायचं नाहीये. टेस्ट ठीक, रिपोर्ट म्हणजे डोक्याला ताप, कस्टमर केअरबद्दल बोलायलाच नको, आणि त्या रिपोर्टचा अर्थ लावून देणाऱ्या जेनेटिक काउन्सेलर मॅडम म्हणजे सोनं. पण गंमत अशी की त्या लॅबच्या नाहीतच, डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून वेगळ्या गाठल्या आणि त्यांची फी लॅबच्या बिलापुढे काहीच नव्हती.

आधी घरची परिस्थिती सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दादाला चाळिशीच्या आसपास रात्रीचं दिसायला त्रास व्हायला लागला, अंधारात पायरी चुकायची, गाडी चालवताना बाजूने येणारा माणूस अगदी जवळ आला की दिसायचा. डॉक्टरांनी ईआरजी (प्रकाशाला पडदा किती प्रतिसाद देतो ते मोजतात ती), फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ते बघतात ती) वगैरे करून आरपी सांगितलं, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, जुनी माणसं ज्याला सरसकट रातांधळेपणा म्हणतात त्यातलाच एक प्रकार. हा आजार आपल्याकडे वाटतो तितका दुर्मिळ नाही बरं का, नागपूरकडच्या खेड्यांमध्ये तिशीच्या पुढच्या लोकांचा अभ्यास झाला होता त्यात साधारण ७५० मागे एकाला आरपी निघालं, जगाचा ढोबळ आकडा ४००० मागे एक धरतात. आईचं मात्र वेगळंच. तिला रात्री व्यवस्थित दिसतं, पण वाचताना मधली अक्षरं गायब होतात, सुईत दोरा ओवता येत नाही. तिला दुसऱ्या डॉक्टरांनी वयामुळे मॅक्युला, म्हणजे पडद्याचा अगदी मधला भाग, खराब झालाय सांगून गोळ्या चालू केल्या होत्या. आणि मामाला तिसऱ्याच ठिकाणी पडद्यावर पिवळे डाग आहेत, लक्ष ठेवू, एवढंच सांगितलेलं. म्हणजे आमच्या डोक्यात हिशोब काय, तर दादाला आरपी, आईला म्हातारपण आणि मामाला साखर आहे त्यामुळे काहीतरी असेल. तीन माणसं, तीन फायली.

आता सर्व्हिस. सॅम्पल घ्यायला मुलगा घरी आला, वेळेवर आला, ओळखपत्र दाखवलं, जांभळ्या झाकणाची नळी, नाव दादाकडून वदवून घेऊन समोरच लेबल लावलं, थंड पिशवीत ठेवलं आणि गेला. या भागाला पूर्ण मार्क. पण त्याने भरून घेतलेला फॉर्म बघा. त्यात आजाराचं नाव लिहायला एक रकाना, घरात कोणाला आहे का याला हो आणि नाही असे दोन चौकोन. बस. कोणाला, कुठल्या बाजूने, किती वयात, आईवडील नात्यातले आहेत का, काही नाही. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर, सोलापूर भागात मामाच्या मुलीशी लग्न ही अजूनही सर्रास गोष्ट आहे, आणि प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, तर दोन्हीकडून खराब प्रत आली तरच होणारे पडद्याचे जे आजार आहेत त्यांच्यात हाच पहिला प्रश्न असतो, तो फॉर्मवर नसावा म्हणजे कमाल आहे. मी मागच्या कोऱ्या बाजूला आईचं आणि मामाचं लिहून दिलं. ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही, का ते पुढे सांगते.

रिपोर्ट चार आठवड्यात म्हणाले होते. चार आठवड्यांनी 'प्रोसेसमध्ये आहे', मग 'क्वालिटी चेकमध्ये आहे', मग फोनच उचलेनात, आणि मग एके दिवशी रात्री थेट ईमेलवर पीडीएफ, कसलीही पूर्वसूचना नाही, कोणी समजावणारं नाही. पूर्ण इंग्रजी. पहिल्या पानावर चौकटीत पीआरपीएच-२ नावाच्या जीनमध्ये बदल, 'बहुधा रोगकारक'. दुसऱ्या पानावर यूएसएच-२ए नावाच्या जीनमध्ये एक बदल, 'अर्थ अनिश्चित'. त्याखाली पानंच्या पानं बारीक टाइपात अटी. 'वयोमानाची मॅक्युला' किंवा आईचा-मामाचा उल्लेख शून्य.

आणि मग व्हायचं तेच झालं. चुलतभावाने यूएसएच-२ए सर्च केलं, त्यात निघालं अशर सिंड्रोम, म्हणजे डोळे आणि कान दोन्ही जातात तो, आणि फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळा. वहिनी रात्रभर झोपली नाही. दादा सकाळी मोबाईल कानाला लावून व्हॉल्यूम कमीजास्त करून बघत होता. मला लॅबचा सगळ्यात जास्त राग याचा आला. असा कागद तुम्ही माणसाच्या हातात रात्री साडेनऊला टाकता आणि खाली लिहिता की तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, मग पॅकेजमध्ये 'पोस्ट टेस्ट काउन्सेलिंग समाविष्ट' असं छापलंय ते काय होतं? विचारलं तर म्हणाले रिपोर्टसोबत लिंक आहे. लिंक उघडली तर एक व्हिडिओ, डीएनए गोल गोल फिरतोय.

म्हणून हॉस्पिटलमधल्या काउन्सेलर मॅडमची अपॉइंटमेंट घेतली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी कोरा कागद घेतला. पुरुष चौकोन, बाई गोल, ज्याला त्रास तो काळा भरलेला. आजीपासून सुरुवात. आजीला शेवटी शेवटी माणसं आवाजावरून ओळखू यायची हे आई तिथे पहिल्यांदा बोलली, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. कागदावर आजी काळी, आई काळी, मामा काळा, दादा काळा, वरून खाली सलग तीन पिढ्या. मॅडम म्हणाल्या, "हे तीन आजार नाहीत हो, एकच आहे. फक्त प्रत्येकाकडे वेगळा चेहरा घेऊन आलाय."

मग त्यांनी जे समजावलं ते मी जमेल तसं लिहिते, कारण पैसे खरे त्याचेच वसूल झाले.

पडद्यात प्रकाश पकडणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी, अंधारासाठी रॉड्स, साधारण १२ कोटी, आणि रंग-बारकाव्यासाठी कोन्स, साठेक लाख. रॉडच्या टोकाला चपट्या चकत्यांची चवड असते, चपात्यांची रचून ठेवतो ना अगदी तशी, एकेका पेशीत हजारेक. त्यात रोज वरच्या चकत्या झडतात, खालून नवीन बनतात, दहा-बारा दिवसात सगळी चवड नवी. पीआरपीएच-२ चं काम या चकत्यांची कड वळवून घट्ट धरायचं. कड नीट नाही वळली तर चकती टिकत नाही आणि पेशी हळूहळू मरते. ही झाली आमच्या घराची गोष्ट. पण मॅडमचा मुद्दा पुढचा होता, की कोणताही जीन एकटा बसलेला नसतो. या कडेवर रॉम-१ नावाचा जोडीदार असतो, आणि १९९४ साली असं सापडलं की काही कुटुंबांमध्ये पीआरपीएच-२ ची एक प्रत खराब आणि रॉम-१ ची एक प्रत खराब असं दोन्ही एकत्र आलं तरच आरपी होतं, नुसतं एक असेल तर माणूस धडधाकट. म्हणजे आजार जीनमध्ये नाही, दोघांच्या जोडकामात.

मग त्या कागदावर बाणच काढत सुटल्या. या सगळ्या जीन्सना हुकूम देणारे वरचे साहेब वेगळे, सीआरएक्स, एनआरएल, एनआर-२-ई-३ असली नावं, ते ठरवतात पेशी रॉड व्हायची की कोन आणि त्यात कुठले जीन्स चालू ठेवायचे. सीआरएक्स बिघडला तर कोणाला जन्मापासून अंधत्व येतं, कोणाला कोन-रॉड डिस्ट्रॉफी, म्हणजे आधी कोन्स आणि मग रॉड्स जातात ती, कोणाला आरपी, कारण तो एकटा बिघडत नाही, त्याच्या हाताखालचे सगळे ढेपाळतात. प्रकाश पडल्यावर वापरलं गेलेलं व्हिटॅमिन ए परत तयार करायची एक वेगळी साखळी, त्यात आरपीई-६५ वगैरे. झडलेल्या चकत्या खाऊन साफ करायचं काम मागच्या थरातल्या पेशींचं, त्याला एमईआरटीके लागतो. पेशीच्या आतून टोकापर्यंत माल पोचवणारी एक बारीक नळी असते, त्या रस्त्यावरचे जीन्स बिघडले तर नुसते डोळे नाही, किडनी, बोटं, वजन, कान असं काहीही जोडीला येतं, कारण तशीच नळी शरीरात बाकी ठिकाणी पण आहे. आणि सगळ्यात अजब म्हणजे पीआरपीएफ-३१ सारखे जीन्स, हे शरीरातल्या प्रत्येक पेशीत आरएनए, म्हणजे जीनवरून काढलेली कामचलाऊ नक्कल, कापायचं जोडायचं काम करतात, तरी बिघडल्यावर त्रास फक्त डोळ्याच्या पडद्याला, आणि तोही घरातल्या सगळ्यांना नाही, खराब प्रत असून काहीजण आयुष्यभर ठणठणीत.

दादाने विचारलं मग मला रात्रीचं आणि आईला मधलं, हे कसं काय. मॅडम म्हणाल्या याच जीनच्या एकाच बदलाने एका घरात तिघांना तीन वेगळी नावं मिळाल्याचं अमेरिकेत १९९३ सालीच छापून आलंय, एकाला आरपी, एकाला पॅटर्न डिस्ट्रॉफी म्हणजे मॅक्युलाचा एक आनुवंशिक आजार, एकाला पिवळ्या ठिपक्यांचा आजार. जीन एकच, पण त्याच्या आजूबाजूचं जाळं प्रत्येकाचं वेगळं. आई गप्प झाली एकदम. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याकडून गेलं त्याच्याकडे." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि आईकडे बघून सांगितलं, "आई, तुमच्याकडे तुमच्या आईकडून आलं, तिच्याकडे अजून कोणाकडून. यात कोणी काही दिलेलं नाही." हे वाक्य कोणी शिकवतं का माहीत नाही, पण दादाचा रिपोर्ट समजून घ्यायला गेलेल्या आईला तिथे खरंच कोणीतरी बघितलं असं वाटलं.

अशरचं तर दोन मिनिटात निकालात काढलं. यूएसएच-२ए ला दोन्ही प्रती खराब लागतात, दादाची एकच, तीही खराब आहे की नाही नक्की नाही. आणि २०२० साली आलेल्या अंदाजानुसार जगातल्या ३६ टक्के लोकांकडे पडद्याच्या कुठल्या ना कुठल्या आजाराची अशी एक प्रत निवांत पडलेली असते. "या खोलीतल्या दोघांकडे तरी असणार, कदाचित माझ्याकडे पण," असं म्हणाल्या आणि वहिनी कितीतरी दिवसांनी हसली. हेच एक वाक्य लॅबने पहिल्या पानावर मराठीत छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

उपचाराचं खरं खरं सांगते, कारण सगळे टेस्ट त्यासाठीच करतात. आरपीई-६५ साठी जीन थेरपी आहे, लक्सटर्ना, अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाली, दोन डोळ्यांची किंमत तेव्हा साडेआठ लाख डॉलर. ती फक्त त्याच एका जीनसाठी, आणि दोन्ही प्रती खराब असल्याचा पुरावा म्हणजे ही टेस्ट लागतेच. आमच्या पीआरपीएच-२ साठी अशी मंजूर थेरपी नाही. दादा जरा खट्टू झाला. पण इथेच ते जाळ्याचं प्रकरण कामाला येतं. पावणेतीनशे जीन्सना पावणेतीनशे औषधं कोण बनवणार आणि कोण विकत घेणार? म्हणून आता काही जण एका जीनच्या मागे न लागता सगळ्यांचे रस्ते जिथे मिळतात तिथे हात घालतायत. एनआर-२-ई-३ देऊन अख्खं जाळं सावरता येतं का याची ओसीयू-४०० नावाची चाचणी चालू आहे, आणि ती कंपनी तीच, ऑक्युजेन, जी कोव्हॅक्सिनसाठी भारत बायोटेकची अमेरिकेतली पार्टनर होती. दुसरा रस्ता म्हणजे रॉड्स गेल्यावर कोन्स तरी वाचवायचे, कारण कोन्समध्ये मूळ दोष नसला तरी रॉड्सच्या मागे त्याही जातात. तिसरा ऑप्टोजेनेटिक्स, उरलेल्या पेशींनाच प्रकाश कळेल असं करायचं, २०२१ मध्ये एका जवळपास पूर्ण अंध माणसाला खास गॉगल लावून टेबलावरची वस्तू शोधता आल्याचं छापून आलं. यातलं उद्या सकाळी मिळणारं काही नाही. पण कुठली दिशा आपल्या कामाची आहे हे कळतं, आणि मुख्य म्हणजे कोणी 'स्टेम सेलने पडदा नवीन करून देतो' म्हणून लाखांचा आकडा सांगितला की फोन ठेवायची अक्कल येते. फ्लोरिडात पैसे भरून तसलं इंजेक्शन डोळ्यात घेतलेल्या तीन बायकांची नजर गेली, २०१७ ला मेडिकल जर्नलमध्ये आलंय ते.

व्हिटॅमिन ए चं पण तसंच. कोणीतरी सांगतं म्हणून मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू करतात लोक. एबीसीए-४ जीनवाला आजार, म्हणजे तरुणपणीच मधली नजर जाते तो स्टारगार्ट वगैरे, त्यात जादा व्हिटॅमिन ए ने उलट कचरा साठतो. आणि रेफसम नावाचा एक प्रकार आहे तो तर बराचसा खाण्याच्या पथ्यावर आटोक्यात राहतो, पण आधी कळायला तर हवं तोच आहे म्हणून. म्हणजे बाहेरून सगळे 'पडदा सुकतोय' या एकाच नावाने ओळखले जातात आणि आत जीन वेगळा निघाला की पथ्य उलटं.

भाचीचा, म्हणजे दादाच्या मुलीचा, विषय वहिनीने काढला, तो निघणारच होता. तिची टेस्ट आत्ताच करून टाकू का. खराब प्रत येण्याची प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता, नाणेफेक. लॅबच्या माणसाने तर फोनवर 'फॅमिली डिस्काउंट आहे मॅडम, बेबीचं पण करून घ्या' असं सांगितलेलं, भाजी घेतल्यासारखं. काउन्सेलर मॅडमनी स्पष्ट नको सांगितलं. तिला काही त्रास नाही, आत्ता कळून देण्यासारखं औषध नाही, आणि स्वतःबद्दल हे जाणून घ्यायचं की नाही हा निर्णय अठराव्या वर्षी तिचा तिने घ्यायचा. दरवर्षी डोळे तपासा, एवढंच. वहिनीला लगेच नाही पटलं. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही.

आता पैसे देण्याआधी फोनवर काय विचारायचं ते, कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आरपीजीआर जीनचा ओआरएफ-१५ नावाचा तुकडा नीट वाचतात का ते विचारा, त्यात तीच तीच अक्षरं इतकी येतात की नेहमीच्या पद्धतीने निसटतो आणि आईकडून मुलग्यांना येणाऱ्या आरपीत नेमका तिथेच घोळ असतो, म्हणजे तुमच्या घरात फक्त पुरुषांना जोरात त्रास असेल तर हा प्रश्न पहिला. मोठे तुकडे गायब असतील तर पकडतात का. आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच डेटा परत बघून देतात का, फुकट की पैसे घेऊन, कारण आज 'अनिश्चित' लिहिलेलं उद्या बदलतं. दहातल्या तीन-चार जणांना या टेस्टमध्ये काहीच सापडत नाही हे पण डोक्यात ठेवून जा, सापडलं नाही म्हणजे आजार आनुवंशिक नाही असा त्याचा अर्थ नसतो. आमच्या लॅबच्या फोनवरच्या मुलीला यातल्या एकाचंही उत्तर देता आलं नाही, दर वेळी 'सर कॉलबॅक करतील'. सर अजून करतायत.

आणि शेवटचं भांडण. पॅकेजमध्ये 'घरातल्या दोघांची पडताळणी मोफत' होतं, म्हणजे दादाला सापडलेला तेवढा एकच बदल आईत आणि मामात आहे का ते बघणं. हे फार महत्त्वाचं, कारण तिघांत तोच बदल निघाला तर 'बहुधा रोगकारक' मधला 'बहुधा' जाऊ शकतो. रिपोर्ट आल्यावर म्हणे मोफत फक्त आईवडिलांसाठी, मामा बसत नाही. अहो पण बाबांच्या बाजूला काही नाहीच, त्यांचं रक्त घेऊन काय करणार? त्या फॉर्मच्या मागे मी लिहून दिलेलं कोणी वाचलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. ईमेल, परत ईमेल, तक्रारीचा नंबर, शेवटी काउन्सेलर मॅडमनी स्वतः दोन ओळींचं पत्र दिलं तेव्हा मामाचं पण घेतलं, कुरिअरचे पैसे मात्र आमच्याकडून.

आईचा निकाल आला, तोच बदल आहे. तिच्या मॅक्युलाच्या डॉक्टरांनी फाईलवर नाव बदलून पॅटर्न डिस्ट्रॉफी लिहिलं. मामाचं सॅम्पल गेलंय, निकाल यायचाय, आला की इथेच अपडेट करते. स्टार तोपर्यंत अडीचच.